विलंबाचे कारण

१४ मार्च २०१६

जुन्या वहीत अजून वीस पानं कोरी आहेत. तरी आज नवी वही काढली, कारण हे काम त्या वहीच्या शेपटाला लावण्यासारखं नाही. माझ्या नातीला देश मिळवून द्यायचा आहे.

इनिया आज चौतीस दिवसांची झाली. जन्म इथला, तामिळनाडूतला, सरकारी दवाखान्यातला. पण निर्वासित छावणीतल्या माणसाचं मूल जन्मल्या जागेचं होत नाही, आणि आपल्या देशाच्या दप्तरात नाव चढेपर्यंत ते तिथलंही नसतं. तिचा बाप, माझा जावई अमलन, नोव्हेंबरमध्ये श्रीलंकेला, आमच्या गावी पेसालैला गेला, आमच्या जागेवर एक खोली तरी उभी करायला. तो तिकडे मन्नारच्या दवाखान्यात जन्मलेला, पाळण्यातला असताना इकडे आला, म्हणून त्याचे कागद सरळ होते. तीन महिन्यांत परत येऊन सगळ्यांना नेतो म्हणाला होता. खोलीवर पत्रा आता चढला आहे. मुलगी मात्र त्याने अजून फोनवरच पाहिली आहे.

संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगितलं की इनियाचं सगळं कागदपत्र मी स्वतः करणार. या छावणीत अर्ज लिहावा तर सवरीमुत्तू मास्तरांनी, हे शेंबडं पोरही सांगेल. ऑगस्टमध्ये परतणाऱ्यांचं विमान आहे, त्यात आपण चौघं बसायचं. माझी मुलगी निरोजिनी बाळाला पाजत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आणि माझं, अप्पा?"

मी म्हटलं, आधी बाळाचं. एकदा बाळाचं झालं की आईचं अडत नाही.

माझी बायको फिलोमिना उठून भांडी घासायला गेली. आज भांड्यांचा आवाज फार होता. तिचा खांदा पुन्हा दुखत असावा.

२० मार्च

कागदांची यादी केली. अमलनचा जन्मदाखला, तो त्याने मन्नारच्या कचेरीतून मागेच काढला होता. माझा आणि फिलोमिनाचा जन्मदाखला, तेही त्यानेच काढून टपालाने पाठवले. इथल्या चर्चमधला लग्नाचा दाखला. बाळाचा जन्मदाखला. आणि सोबत माझा विनंतीअर्ज.

अर्ज चार पानी झाला आहे. नव्वद सालच्या ऑगस्टपासून सुरुवात केली, होडी, धनुष्कोडीची वाळू, इथली सव्वीस वर्षं. "महामहिम" हा शब्द कुठे आणि किती वेळा यावा याचं एक शास्त्र असतं, ते आता कोणाला येत नाही. निरोजिनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. पण अप्पा, बाळाच्या दाखल्यावर एस. अमलन लिहिलंय आणि त्यांच्या दाखल्यावर सेबमालै अमलन. एस म्हणजे सेबमालै हे कशावरून?"

हे माझ्या ध्यानात आलंच असतं.

२ एप्रिल

बाळाचा फोटो. पांढरं कापड मागे हवं, डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं. इनियाला यांतलं एका वेळी एकच जमतं. फोटोवाल्याने बेचाळीस फोटो काढले. शेवटी फिलोमिना त्याच्या पाठीमागे उभी राहून कोळिणीसारखी ओरडली, "ताजी मासळी", आणि पोरीने डोळे असे विस्फारले की तोच फोटो चालला. रक्तातच पेसालै आहे. बाजाराच्या आवाजाने जागी झाली.

दाखल्यावरचं नावही दुरुस्त झालं. निरोजिनी बाळाला कडेवर घेऊन तीन वेळा तालुक्याला जाऊन आली. मीच पाठवलं होतं. म्हणजे, ती निघाली तेव्हा मी जा म्हटलं.

९ एप्रिल

काल चेन्नईला, वकिलातीत. पहाटेच्या गाडीने पोचलो, अकराला नंबर लागला. खिडकीत तरुण बाई होती, सिंहली, पण तमिळ बोलत होती. एकेक शब्द जपून ठेवत बोलत होती, परक्याच्या घरात काचेचं भांडं ठेवावं तसं. तिने निरोजिनीने भरलेला फॉर्म घेतला, दाखले एकावर एक लावले, सगळ्यावर टाचणी मारली. माझा अर्ज उलटसुलट करून परत दिला. म्हणाली, हा लागणार नाही, आजोबा.

पण पहिलं पान तिने वाचलं, मी पाहिलं. अशा गोष्टींचा आत कुठेतरी परिणाम होतो.

मग तिने विचारलं, आईची नोंदणी झाली आहे का. निरोजिनीने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं की प्रक्रिया चालू आहे. बाई म्हणाली की मूल बापाच्या नावावर होईल, त्यामुळे हरकत नाही, पण आईचंही लवकर करून घ्या.

गाडीत निरोजिनीने विचारलं, "कोणती प्रक्रिया?" मी म्हटलं, मनात चालू आहे. ती हसली नाही.

२ जून

आज आला.

टपालवाल्याच्या हातातून मीच घेतला. फोडण्याआधी हात धुतले. एकच कागद, जाडसर, वर सिंह. इनिया अमलन, वंशाने श्रीलंकेची नागरिक. मी दारात उभा राहून मोठ्याने वाचला, आधी इंग्रजीत, मग तमिळमध्ये. शेजारच्या बाया जमल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. या छावणीतल्या आमच्या रांगेत हा पहिला कागद, आणि तो चार महिन्यांच्या पोरीचा.

फिलोमिनाने नारळाच्या दुधातलं पायसम केलं. अमलनला फोन लावला. मागे समुद्राचा आवाज येत होता. तो म्हणाला, "मामा, पुन्हा एकदा वाचा." पुन्हा वाचला.

इतका अभिमान मला माझ्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही वाटला नव्हता. पोरगी त्या कागदाची कडा चोखायला निघाली होती. काढून घेतला. चोख बाई, पण झेरॉक्स चोख.

निरोजिनीने सगळ्यांना वाढलं. मग आत जाऊन कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.

११ जून

ऑगस्टच्या विमानासाठी नावं द्यायला गेलो. मदत संस्थेच्या माणसाने आमची चार नावं घेतली आणि एक खोडलं.

मी, फिलोमिना आणि इनिया यांना प्रवासाचा कागद मिळेल. निरोजिनीला नाही. ती पंचवीस वर्षांपूर्वी याच छावणीत जन्मली, तिची नोंदणी वकिलातीत कोणी केलीच नाही. म्हणजे ती आजही कोणाची नाही. तो माणूस वाईट नव्हता, दोनदा यादी तपासून पाहिली. म्हणाला, असं कधी होत नाही हो मास्तर, बाळाकडे कागद आणि आईकडे नाही. उलटं नेहमी होतं.

येताना बसमध्ये बाळ झोपलं होतं.

१३ जून

निरोजिनीचा फॉर्म भरायला घेतला. माझा जन्मदाखला आहे. आमचा लग्नाचा दाखला आहे. तिचा इथला जन्मदाखला ट्रंकेत तळाशी आहे, हे मला ठाऊक होतं, मीच ठेवला होता. सगळं पाऊण तासात झालं. मग शेवटच्या पानावर एक रकाना: एका वर्षात नोंदणी न केल्यास विलंबाचे कारण.

लिहिलं: त्या काळी सोय नव्हती.

फिलोमिना मासे साफ करत होती. मी वाचून दाखवल्यावर हातातली सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली आणि मग पुन्हा मासे साफ करू लागली. खांद्याला तेल लावून देऊ का विचारलं, तर म्हणाली, "माझा खांदा कधीच दुखत नव्हता."

६ जुलै

काल पुन्हा चेन्नई. तीच बाई. तिने फॉर्म शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली. असं वाचणारी माणसं मला पूर्वीपासून आवडत नाहीत.

ती आत जाऊन एक रजिस्टर घेऊन आली. म्हणाली, तुमच्याच छावणीतली अकरा मुलं एक्याण्णव-ब्याण्णव साली इथे नोंदली गेली आहेत, एक फादर फॉर्म आणून देत होते. मग सोय नव्हती असं कसं लिहिता? आता इतक्या उशिराचं प्रकरण वर मंत्रालयात जातं, आणि तिथे कारण पटावं लागतं. खोटं कारण दिसलं तर ते बंदच करतील. खरं लिहून आणा.

ती रागावली नव्हती. फॉर्म तिने दोन्ही हातांनी परत दिला.

निरोजिनीने माझ्याकडे पाहिलं. गाडीत खिडकीची जागा तिने मला दिली. तिरुचिरापळ्ळीपर्यंत ती बाळाच्या टोपीची नाडी बांधत आणि सोडत होती.

७ जुलै

ही वही माझी आहे. इथे तरी लिहितो.

फादरनी आणलेला फॉर्म मलाही मिळाला होता. एक्याण्णवचा सप्टेंबर, निरोजिनी सहा महिन्यांची. ते स्वतः दारात आले होते, पेनसुद्धा त्यांचंच होतं. माझा धाकटा भाऊ अँटनी त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये रॉकेल आणायला मन्नारला गेला आणि परत आला नाही. एका नाक्यावर त्याला उतरवून घेतलेलं लोकांनी पाहिलं होतं. मी त्या वेळी पस्तीस वर्षांचा होतो. फादरना म्हणालो, ज्या देशाने माझा भाऊ खाल्ला त्या देशाचं नाव माझ्या मुलीला लावणार नाही. लोक ऐकत होते. माझं बोलणं तेव्हा फार चांगलं झालं, असं बरेच जण म्हणाले.

फिलोमिना म्हणाली होती, भरा. दोनदा म्हणाली. फॉर्म मी चुलीत घातला.

पुढे राग निवला. दहा-बारा वर्षांत परत जायचं बोलणं मीच सुरू केलं. तेव्हा जाऊन नोंद करता आली असती. पण मग फादरसमोर, लोकांसमोर बोललेलं खोटं पडलं असतं. म्हणून कोणी विचारलं तर सांगत आलो, सोय नव्हती. सांगता सांगता ते मलाच खरं वाटू लागलं असावं. फिलोमिनाने पंचवीस वर्षांत एकदाही लोकांसमोर मला खोटं पाडलं नाही. तो तिचा भलेपणा, असं मी समजत होतो. आता वाटतं, ती वाट पाहत होती.

९ जुलै

सांगितलं.

दुपारी, बाळ झोपल्यावर. जे वर लिहिलं तेच सांगितलं, फक्त भाषण चांगलं झालं तो भाग सोडून. निरोजिनी कपडे घडी करत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली:

"बारावीनंतर मी नर्सिंगचा फॉर्म आणला होता, आठवतं? त्यावर राष्ट्रीयत्वाचा रकाना होता. मी तुम्हाला विचारलं काय लिहू. तुम्ही म्हणालात, कॉमर्स कर, हिशोबात तुझं डोकं चांगलं आहे."

मला आठवत होतं. ते मी सल्ला म्हणून दिलं होतं, असं मला वाटत आलं होतं.

"मला वाटायचं माझ्यातच काही कमी आहे," ती म्हणाली. "रकाना भरता येत नाही अशी मुलगी."

तिने घडी केलेले कपडे उचलले आणि आत गेली. मी बराच वेळ ओट्यावर बसलो होतो. फिलोमिनाने चहा आणून ठेवला.

१२ जुलै

तीन दिवस निरोजिनी माझ्याशी फक्त बाळाबद्दल बोलते. "धरा." "द्या." "हिला ऊन लागतंय."

कारणाचे मसुदे करतो आहे. पाच झाले. पहिल्यात युद्ध आहे, दुसऱ्यात अँटनी, तिसऱ्यात इतिहास. चौथा सर्वांत चांगला उतरला आहे, तो वाचताना मला स्वतःलाच गहिवरून आलं. म्हणून फाडला.

१६ जुलै

विमानाचा निरोप आला, ऑगस्टच्या नऊ तारखेचं. तीन जागा पक्क्या.

मी रात्रभर विचार करून सकाळी बोललो. म्हटलं, निरोजिनीचं प्रकरण मंत्रालयातून यायला तीन-चार महिने तरी लागतील. अमलन तिकडे वाट बघतोय. फिलोमिना आणि मी बाळाला घेऊन पुढे जातो, निरोजिनी मागून येईल. हे विमान गेलं तर पुढचं कधी ते कोणी सांगत नाही.

फिलोमिना इडिअप्पमच्या शेवयांचा साचा दाबत होती. तो तसाच हातात धरून म्हणाली, "अहो, एकदा तुम्ही या मुलीला मागे ठेवलंत. मी गप्प बसले. आता नाही बसणार. एकीला इथे ठेवून दुसरीला घेऊन मी त्या विमानात चढणार नाही. तुम्हाला जायचं तर जा, जागा पक्की आहे तुमची."

निरोजिनी दारात उभी होती. तिने ऐकलं. जागा परत केल्याचं कळवायला तीच गेली.

लग्नाला एकतीस वर्षं झाली. या बाईला इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

१७ जुलै

रविवार. चर्चमधल्या प्रार्थनेनंतर निरोजिनी माझ्यासमोर येऊन बसली. ती ज्या दुकानात काम करते तिथला लॅपटॉप एका दिवसासाठी आणला होता. म्हणाली, "कारण सांगा. मला नको आहे, त्यांना हवं आहे. मी टाइप करते."

मी सुरुवात केली. महामहिम. ती टाइप करेना. मी म्हटलं, बरं, ते सोड. नव्वद साली आमच्या किनाऱ्यावर जो अंधार पसरला. ती म्हणाली, "अप्पा, काय झालं ते सांगा. अंधार नको."

दीड तास लागला. मी एक वाक्य बोलायचो, ती त्यातले शब्द काढायची, आणि उरलेलं वाचून दाखवायची. दर वेळी उरलेलं जास्त खरं असायचं. सव्वीस वर्षं या छावणीत मुलांना निबंध शिकवतो आहे. शेवटी दोन वाक्यं राहिली:

"१९९१ साली माझ्या मुलीच्या नोंदणीचा फॉर्म मला मिळाला होता. माझा धाकटा भाऊ त्याआधी बेपत्ता झाला होता, त्या रागात मी तो भरला नाही."

ती थांबली. म्हणाली, पुरे. मी म्हटलं, अजून एक घाल. तिची बोटं तशीच थांबली होती. मी म्हटलं, लिही, चूक माझी आहे, मुलीची नाही.

तिने लिहिलं. एकही शब्द कमी केला नाही. मग उठून तोंड धुऊन आली.

२ ऑगस्ट

काल चेन्नई. खिडकीतल्या बाईने शेवटचं पान वाचलं. तिला वेळ लागला. तीन वाक्यांना लागतो त्यापेक्षा जास्त. मी माझ्या वहाणांकडे बघत होतो. मग तिने निरोजिनीला विचारलं की नावाचं स्पेलिंग हेच ठेवायचं ना, कारण नंतर बदलता येत नाही. निरोजिनी म्हणाली, हेच. बाईने शिक्का मारला, तोही उगाच जोराने न मारता, नीट दाबून.

खाली उतरल्यावर निरोजिनीने मला उसाचा रस घेऊन दिला. स्वतः घेतला नाही. तरी उभी राहिली मी संपवेपर्यंत.

९ ऑगस्ट

छावणीतली सात कुटुंबं आज गेली. आम्ही त्यांना बसपर्यंत पोचवायला गेलो. एकीने निघताना मला विचारलं, मास्तर, तुमची तर पहिल्यापासून तयारी होती, तुम्ही कसे राहिलात? नेहमीचं उत्तर जिभेवर होतं. मी म्हटलं, मुलीचे कागद मी वेळेवर केले नाहीत, म्हणून.

इतकं सोपं वाक्य. ती बाई म्हणाली, असं होय, आणि बसमध्ये चढली.

२४ सप्टेंबर

काही नाही. इनियाला दोन दात आले. अमलनने विहीर उपसली, पाणी गोडं लागलं. फोनवर त्याने बादली ओतून दाखवली.

लोक संध्याकाळी निरोजिनीकडे कागद घेऊन येऊ लागले आहेत. पूर्वी माझ्याकडे यायचे. परवा एकजण दारात मला ओलांडून आत गेला. मला थोडं लागलं. मग ओट्यावरून ऐकत बसलो. ती त्याला विचारत होती, नक्की काय झालं होतं ते सांगा, कधी, कुणाला. तो सांगत होता, आणि ती मध्ये बोलत नव्हती. मी कधी इतका वेळ कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. मी लगेच लिहायला लागायचो.

२७ ऑक्टोबर

आला. मंत्रालयातून चेन्नई, चेन्नईहून इथे.

मी हात लावला नाही. टपालवाल्याला म्हटलं, जिचा आहे तिला द्या. निरोजिनीने बाळ माझ्याकडे दिलं आणि पाकीट उघडलं. उभ्याउभ्याच वाचलं. मोठ्याने नाही. मी तिच्या ओठांकडे बघत होतो, त्यावरून कळलं ती आपलं नाव पुन्हा पुन्हा वाचत होती.

मग तो कागद तिने आईच्या हातात दिला. फिलोमिनाला इंग्रजी येत नाही. तिने तो छातीशी धरला आणि तशीच बसली.

आज पायसम निरोजिनीने स्वतः केलं, स्वतःच्या कागदाचं. साखर फार झाली. तरी भांडं चाटूनपुसून लख्ख झालं.

२५ नोव्हेंबर

कोलंबो. पाहुण्यांच्या खोलीत लिहितो आहे, सकाळी बसने मन्नार.

काल तिरुचिरापळ्ळीहून विमान. तासाभराचा प्रवास. आलो तेव्हा होडीत एक रात्र आणि अर्धा दिवस काढला होता. निरोजिनी पहिल्यांदाच विमानात बसली होती आणि तिने ते कोणाला कळू दिलं नाही, फक्त पट्टा दोनदा तपासला. इनिया ढगांकडे बघून हात हलवत होती.

विमानतळावर लांब रांग. परदेशी लोकांची वेगळी, आपल्या नागरिकांची वेगळी. निरोजिनी दोन्ही पाट्या वाचून क्षणभर थांबली, मग आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली. आम्ही दोघं तिच्या मागे. मी तीन भाषांत उत्तरं तयार ठेवली होती.

तपासणीच्या अधिकाऱ्याने तिचा कागद पाहिला, बाळाचा पाहिला. वयस्कर माणूस होता. तमिळमध्ये विचारलं, किती वर्षांनी परत येताय?

ती म्हणाली, "परत नाही. मी पहिल्यांदाच येतेय."

त्याने पुन्हा कागदाकडे पाहिलं, जन्माचं गाव वाचलं असावं. शिक्का मारून कागद तिच्या हातात देत म्हणाला, मग नीट बघून घ्या.

माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून एकही भाषा फुटेना. निरोजिनी मागे वळली आणि म्हणाली, हे माझे वडील, आमच्याबरोबर आहेत.

तिने मला माफ केलं की नाही हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. पण ती एवढं बोलली, आणि मी माझी पिशवी उचलून ताठ चालत तिच्यामागे बाहेर पडलो. दाराबाहेर अमलन होता, नवा शर्ट, घडीच्या रेघा तशाच. त्याने मुलीला घेतलं तर ती भोकाड पसरून रडली, आणि तोही. निरोजिनी दोघांना थापटत होती.

४ डिसेंबर

पेसालै. पाऊस आहे, पत्रा वाजतो. समुद्र शंभर पावलांवर आहे पण घरातून दिसत नाही, मध्ये ताडाची झाडं वाढली आहेत. अँटनीच्या नावाने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. त्याच्याशी थोडं बोललो. वहीत लिहिण्यासारखं नाही.

६ डिसेंबर

आज ग्रामसेवक आला, घरातल्या माणसांची यादी करायला. तरुण मुलगा, ओला होऊन आला होता. फिलोमिनाने टॉवेल दिला. ओट्यावर बसून त्याने मोठं रजिस्टर मांडीवर उघडलं आणि आमचे कागद समोर घेऊन एकेक नाव वाचू लागला. अमलन. सवरीमुत्तू. फिलोमिना. आम्ही होतो तिथूनच हो म्हटलं.

मग त्याने वाचलं, निरोजिनी.

निरोजिनी चुलीपाशी होती. हातातली पळी टाकून ती झटकन बाहेर आली, भिंतीला लागून सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "हजर." छावणीत महिन्यातून दोनदा अधिकारी यायचा, नाव पुकारायचा, आणि जो उभा राहून हजर म्हणणार नाही त्याचं नाव त्या दिवशी कटायचं. चालायला लागल्यापासून ती तशीच उभी राहत आली होती.

मुलगा रजिस्टरवरून मान वर करून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला कळलं असावं.

"बसा, अक्का," तो म्हणाला. "इथे हजेरी नसते. नुसतं नाव लिहायचंय."

ती बसली. त्याच्या शेजारीच, ओट्यावर. तो लिहीत होता आणि ती वाकून बघत होती, अक्षर बरोबर येतंय ना. मग म्हणाली, खाली माझ्या मुलीचंही लिहा, आणि एकेक अक्षर सावकाश सांगू लागली.